आमची वाटचाल: लग्नाच्या व्हिडिओपासून बास्केटबॉलच्या फिल्मपर्यंत

न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही नवरा-बायकोने व्हिडिओ शूटिंग सुरू केलं ते लग्नं, मुंजी आणि बारशांच्या जोरावर. एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "आमच्या पोराची मॅच शूट कराल का? कॉलेजच्या कोचला पाठवायची आहे." इथे कॉलेजचे कोच हायस्कूलमधले खेळाडू हेरून आपल्या संघात घेतात, अनेकदा स्कॉलरशिप देऊन. आज आमचं निम्म्याहून जास्त काम हायस्कूल बास्केटबॉलचं आहे.

एडिसनला अगदी खेटून मेटचन आहे. तिथल्या सेंट जोसेफ हायस्कूलमधून कार्ल-अँथनी टाउन्स 2014 साली बाहेर पडला आणि 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. अशा उंचीच्या मुलाला बघायला कोच आपणहून येतात. आमच्याकडे येतात ती बाकीची मुलं. हात चांगला, डोकं शांत, पण शाळेची टीम साधी आणि बघायला फक्त आईबाबा.

नजरेत भरायची मोठी संधी वसंतात आणि उन्हाळ्यात, क्लबच्या म्हणजे इथे सगळे ज्यांना एएयू म्हणतात त्या स्पर्धांत असते. डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांच्या कोचना त्या बघायची परवानगी कॉलेज खेळांची संघटना एनसीएएने ठरवलेल्या मोजक्याच दिवसांत मिळते. त्यामुळे त्या दिवसांत एकाच छपराखाली कितीतरी कोर्टांवर सामने चालतात आणि कोच या कोर्टावरून त्या कोर्टावर फिरत असतात. साउथ कॅरोलायनात नॉर्थ ऑगस्टाला भरणाऱ्या नायकेच्या पीच जॅम या नावाजलेल्या क्लब स्पर्धेला पोहोचलेली मुलं आधीच सगळ्यांना ठाऊक असतात. इतरांची फिल्म आवडली, तरच कोच त्यांच्या कोर्टाकडे वळतो.

ती फिल्म कशी हवी, याबद्दल आमचं मत ठाम आहे. कॅमेरा गॅलरीत उंचावर, मध्यरेषेवर. चेंडूमागे झूम करत पळायचं नाही, दहाही खेळाडू दिसले पाहिजेत. गाणं नको. सगळे तुकडे मिळून तीन-चार मिनिटं, पहिल्या तुकड्यात मुलाभोवती वर्तुळ, आणि खाली पूर्ण मॅचची लिंक. जर्सी नंबर, बूट न घालता मोजलेली उंची, हायस्कूल संपण्याचं वर्ष आणि मार्क सुरुवातीलाच.

आईबाबांना फक्त बास्केट हवे असतात. आम्ही त्यांना एनबीएचा स्टार स्टेफ करीबद्दल सांगतो. वडील डेल करी व्हर्जिनिया टेकचे नावाजलेले खेळाडू, तरी तिथूनही त्याला स्कॉलरशिप मिळाली नाही. पोरगा किरकोळ वाटायचा. डेव्हिडसन या लहानशा कॉलेजचे कोच बॉब मॅकिलप यांनी त्याला लास वेगासच्या एका स्पर्धेत पाहिलं, तेव्हा तो फार वाईट खेळला होता. पण त्याने रेफरीला बोल लावला नाही, साथीदारांवर चिडला नाही, बाकावर बसूनही टीमला ओरडून साथ देत राहिला. मॅकिलपना तेच भावलं. 2008 मध्ये त्याच मुलाच्या जोरावर डेव्हिडसन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उरलेल्या शेवटच्या आठ संघांपर्यंत पोहोचलं.

म्हणून चुकीनंतरचे काही सेकंद आम्ही कापत नाही. आमच्याकडच्या एका मुलीच्या हातून मध्यरेषेजवळ चेंडू निसटला. ती जीव खाऊन मागे धावली, समोरच्या मुलीच्या आधी बास्केटखाली पोहोचली आणि पाय रोवून छातीवर धक्का घेतला. शिट्टी तिच्या बाजूने वाजली. वडील म्हणत होते, हा तुकडा काढा. आम्ही हट्टाने ठेवला, आणि डिव्हिजन थ्रीच्या एका कोचने नेमका त्याच तुकड्याबद्दल फोन केला. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावर मदत मिळते. ती आता तिथेच खेळते.

मार्कांचं महत्त्व फार उशिरा कळतं, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. डिव्हिजन वनसाठी ठरलेले 16 विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए, म्हणजे 4 पैकी मार्कांची सरासरी, लागतो. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये हे कोच थेट फोन किंवा मेसेज करू शकतात ते दहावीनंतरच्या 15 जूनपासून. तोवर विषय चुकीचे निवडले गेले असतील, तर आमची फिल्म काय कामाची?

त्यामुळे हल्ली कॅमेरा काढण्याआधी आम्ही मार्कांचा कागद मागतो. नववीतल्या मुलामुलींच्या पालकांशी त्यावर बोलायचे आम्ही पैसे घेत नाही. शनिवार-रविवार शूटिंग असतं, तेवढं सोडून कधीही या.