त्रिशंकूच्या शेजारची जोडी

उन्हाळ्यात बेळगावजवळच्या राजहंसगडावरून रात्री दक्षिणेला पाहिलं की त्रिशंकू क्षितिजालगत उभा दिसतो. त्याच्या जरा पूर्वेला माझी आवडती ताऱ्यांची जोडी आहे, पीएसआर बी१२५९-६३. बेळगावातून ती जेमतेम दहा अंश वर येते, आणि त्यातला मोठा तारा दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही.

मी खानापूरला पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. एका मुलीनं विचारलं, "बाई, हे गॅमा किरणांचे जोडतारे म्हणता, मग त्यांचे एक्स-रे कशाला बघायचे?" तासात उत्तर पुरं झालं नाही.

या जोडीतला एक तारा मोठा, तापलेला, भोवती वायूची चकती असलेला. दुसरा पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, सेकंदाला एकवीस वेळा गिरक्या घेणारा. ३.४ वर्षांत एक फेरा. कक्षा इतकी लांबट की जवळ येताना दोघांत पृथ्वी-सूर्याइतकंच अंतर उरतं, लांब जाताना त्याच्या दहापटीहून जास्त. पल्सारचा वारा, म्हणजे त्याच्यातून सुटणारा कणांचा झोत, ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळतो, तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात. ते चुंबकीय क्षेत्रात फिरले की एक्स-रे निघतात, आणि त्याच इलेक्ट्रॉनांनी ताऱ्याच्या प्रकाशाला धडक दिली की गॅमा. दोन्हींचं मूळ एकच, म्हणून एक्स-रे बघायचे. शिवाय जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणींना अंधारी, निरभ्र रात्र लागते; एक्स-रे उपग्रह आठवडेच्या आठवडे मोजत राहू शकतो.

माझं ठाम मत आहे, नाव गॅमाचं असलं तरी ओळख एक्स-रेनंच पटते. हेस जे०६३२+०५७ हा स्रोत गॅमात सापडला, पण ती जोडी आहे हे कळलं ते स्विफ्ट उपग्रहामुळे: दर सुमारे ३२० दिवसांनी एक्स-रेत तोच चढ!

आमच्या त्रिशंकूशेजारच्या जोडीत पल्सार चकती दोनदा छेदतो, सर्वांत जवळ येण्याच्या आधी आणि नंतर. एक्स-रेच्या आलेखावर दोन उंचवटे येतात. २०२१ मध्ये मात्र सर्वांत जवळ येऊन गेल्यावर महिनाभरानं तिसराही आला. तो का, यावर मी मुलांना अजून ठोस काही सांगत नाही.

३० जून २०२४ ला दोघं पुन्हा जवळ आले तेव्हा खानापुरात पावसाळा होता. एक्स-रे तसेही हवेतून खाली पोचत नाहीत, त्यामुळे ढगांचं दुःख नाही. स्विफ्टची मोजमापं सगळ्यांना खुली असतात. पुढची भेट नोव्हेंबर २०२७ मध्ये. तेव्हाचा आलेख मुलांनी स्वतः काढावा, आणि तिसरा उंचवटा आधी त्यांनीच शोधावा, असं मला फार वाटतं.