पार, फार, बार, भार: व्हीओटी मोजणी, तिसरा महिना

माणसांचे मराठी उच्चार मोजण्याच्या माझ्या उद्योगाचं तिसऱ्या महिन्याचं अपडेट उशिरा टाकतोय कारण मधलं पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग सगळं बाद करावं लागलं, ते का ते खाली येतंच.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं. व्हीओटी (व्हॉइस ऑनसेट टाइम) म्हणजे ओठ किंवा जीभ सुटताना जो छोटासा स्फोट होतो तिथपासून स्वरतंतूंचा कंप सुरू होईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदात. कंप स्फोटाच्या आधीच सुरू असेल तर आकडा उणे. आर्थर ॲब्रॅमसन आणि ली लिस्कर या दोघांनी १९६४ मध्ये हे माप घेऊन ११ भाषा मोजल्या आणि त्या अकरात आपली मराठी आहे!! मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. दोघंही हॅस्किन्स लॅबोरेटरीज या अमेरिकेतल्या बोलण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत काम करायचे, ॲब्रॅमसन थाईचे अभ्यासक आणि लिस्कर तमिळ-तेलुगूचे, आणि माझं मत असं की म्हणूनच त्यांना हे सुचलं, नुसती इंग्रजी कानात असती तर घोष-अघोष (कंप आहे की नाही) एवढ्यावरच थांबले असते.

त्यांच्या आकड्यांत अमेरिकन इंग्रजीचा शब्दाच्या सुरुवातीचा प सरासरी ५८, त ७० आणि क ८० मिलिसेकंद. माझा 'पार'मधला प येतो १० ते १५. आणि तिकडचा ब बऱ्याचदा शून्याच्या जवळपासच असतो, म्हणजे आपला प त्यांच्या ब च्या घरात जाऊन बसतो. ऑफिसच्या कॉलवर तिकडची माणसं माझं आडनाव पाटीलचं बाटील का लिहून घ्यायची हे मला इतक्या वर्षांनी कळलं, माझा उच्चार चुकत नव्हता आणि त्यांचा कानही बरोबरच होता.

आता बाद झालेलं रेकॉर्डिंग. मी सगळ्यांना 'आता बार म्हण' असं वाक्य बोलायला लावत होतो, वाटलं बोलणं नैसर्गिक येईल. प्रात या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर 'आता'मधल्या आ चा कंप तसाच पुढे ब मध्ये शिरलेला, मग ब चा कंप सुरू कुठून झाला हे मोजणार कसं? दोन आठवडे गेले. आता नुसते सुटे शब्द, प्रत्येक पाच वेळा, पंखा बंद, आणि कोथरूडला आमच्या गल्लीत सकाळी सहाच्या आत, नंतर रिक्षा सुरू होतात. शब्दांची यादी मात्र झकास जमली आहे: पार फार बार भार, तार थार दार धार, कार खार गार घार. बाराही खरे शब्द आणि पुढचा 'आर' सगळीकडे तोच.

सगळ्यात मोठी गोष्ट 'फार'मध्ये सापडली. सदाशिव पेठेतली आत्या (वय ७८) दोन ओठ मिटून फ म्हणते, स्फोट स्वच्छ दिसतो, व्हीओटी ६० च्या आसपास. माझी भाची म्हणते तेव्हा खालचा ओठ वरच्या दातांना लागतो आणि नुसती हवा घासत जाते, स्फोटच नाही, त्यामुळे मोजायलाच काही नाही. मी स्वतः पाचातले चार भाचीसारखे म्हणतो हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे महाप्राणासाठी (फ, थ, ख असे जोरात श्वास सोडून म्हणायचे आवाज) आता थार आणि खार यांवरच भिस्त.

बार आणि भार इथे मात्र गाडी अडते. दोन्हींत कंप आधीच सुरू, दोन्ही उणे, आकडे एकमेकांत मिसळलेले. मी घाबरून तीनदा मोजलं, मग लक्षात आलं की ॲब्रॅमसन-लिस्कर यांनीच तेव्हा लिहून ठेवलंय की हिंदी आणि मराठीच्या घोष महाप्राणांना (भ, ध, घ असे कंप आणि श्वास दोन्ही असलेले आवाज) हे एक माप पुरत नाही. फरक स्फोटानंतर दिसतो, भ मध्ये कंप चालू असतानाच श्वास मिसळतो आणि पुढच्या आ ची सुरुवात पुसट होते. आपल्याच शोधाची मर्यादा पहिल्याच लेखात इतकी सरळ सांगणं मला फार आवडलं. ॲब्रॅमसन २०१७ मध्ये वारले, आणि त्याच वर्षी वयाच्या ९२ व्या वर्षी व्हीओटीची पन्नास वर्षं या विषयावर सहकाऱ्याबरोबर लेख लिहून गेले, त्यातही मोजायचं नेमकं कसं यावरच चर्चा आहे!

पुढचं काम ऐकण्याचं. या जोडीने कृत्रिम आवाजात व्हीओटीच्या उणे १५० पासून अधिक १५० मिलिसेकंदांपर्यंत पायऱ्या बनवून लोकांना ऐकवल्या होत्या, आणि १९७१ मध्ये पीटर आयमस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तसेच आवाज एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ऐकवले, बाळं चोखणी किती जोरात आणि किती वेळा चोखतात त्यावरून त्यांना फरक कळतोय का ते पाहिलं, आणि कळत होता. माझ्याकडे तसलं यंत्र नाही, म्हणून आत्याच्याच एका 'बार'मधला आधीचा कंप दहा-दहा मिलिसेकंदांनी कापत नेलाय, उणे १०० ते शून्य, अकरा फाइल. रविवारी तिलाच हेडफोन लावून ऐकवणार, तिचा 'बार' तिला कुठे 'पार' वाटायला लागतो ते बघायचंय. ती म्हणाली, "ये, पण जेवायला थांबायचं."

कोकणातलं किंवा विदर्भातलं कुणी साठीच्या पुढचं घरात असेल तर 'फार' पाच वेळा रेकॉर्ड करून पाठवा प्लीज, पंखा बंद करून.