रिमूव्ह

आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून परवा एका काकांना रिमूव्ह केलं. गुन्हा काय, तर रोज पहाटे फुलांचे फोटो टाकायचे. काका हयात आहेत, तिठ्यावर भेटतात, चहाही पाजतात. पण ग्रुपच्या लेखी ते गेले.

हे क्रियापद पूर्वी एवढं निर्दयी नव्हतं. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ मागे सरकवणं, हलवणं. ब्रिटनमध्ये बिऱ्हाड हलवणाऱ्या गाड्यांवर अजून ‘रिमूव्हल्स’ लिहिलेलं असतं. कपाट तिथे नाहीसं होत नाही, नव्या घरात जाऊन बसतं. जुन्या इंग्रजी मेजवान्यांत तर सुपाचं भांडं उचललं की त्याच्या जागी जो पदार्थ येई, त्यालाच ‘रिमूव्ह’ म्हणत. गेला कोण आणि नाव कोणाला! नात्यांतही तेच. चुलतभावाचा मुलगा त्यांच्याकडे ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ड’. आपल्याकडे तो सरळ पुतण्या, आणि दिवाळीला फोव, म्हणजे पोहे, खायला हक्काने हजर.

या जुन्या अर्थाने पाहिलं तर गोव्यात देवही रिमूव्ह झालेत. सोळाव्या शतकात साष्टीत पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली, तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात आणल्या. तिथे तेव्हा आदिलशाही होती. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. वेर्ण्याच्या म्हालसेने तर कमाल केली. ती येताना जागेचं नावच घेऊन आली. ती बसली ते म्हार्दोळ. वेर्ण्याची मूळ जागा झाली ‘जुनें म्हार्दोळ’. तिथेही आता पुन्हा देऊळ उभं आहे. म्हणजे नेलं तरी काही तिथेच उरलं होतं म्हणायचं.

याच अंत्रुजातल्या देवळांच्या दारात हल्ली इंग्रजी पाटी असते: ‘प्लीज रिमूव्ह फुटवेअर’. पर्यटक आज्ञाधारक. चपला काढतात, हातात घेतात आणि तशाच आत शिरतात. पाटीवर पायातून काढायला सांगितलंय, ठेवायच्या कुठे ते लिहिलेलं नाही. तेव्हा शब्दशः त्यांचं काही चुकलेलं नसतं. शेवटी राखणदाराला ओरडावं लागतं, “भायर दवरात!” दिल्लीहून आलेल्यालाही ते पहिल्या फटक्यात समजतं.