कांदाचाळ नोड, लॉग ७ : पहाटे पाचच्या अलार्मचा छडा लागला

आमचा नोड म्हणजे कांदे साठवायच्या चाळीत बसवलेलं, सडका कांदा वासावरून ओळखून अलार्म देणारं छोटं यंत्र. त्याच्या १७ दिवस डोकं खाल्लेल्या खोट्या अलार्मचं कारण अखेर सापडलं. मागच्या लॉगमध्ये मी ठामपणे लिहिलं होतं की दोष आर्द्रतेचा आहे. ते चुकीचं होतं. ते वाचून कुणी एमक्यू-१३५ ला (आमचा वास पकडणारा गॅस सेन्सर) आर्द्रतेची दुरुस्ती लावत बसलं असेल तर आधी हे वाचा.

निफाड तालुक्यातली पार्टनरच्या मामांची चाळ, कप्पा २ आणि ३. रोज पहाटे ५ नंतर एडीसीचा आकडा (सेन्सरच्या व्होल्टेजचं अंकांतलं रूप, वास वाढला की वाढतो) ७०० वरून १,९०० वर जायचा आणि सातपर्यंत परत खाली. आम्ही एसएचटी-३१ हा आर्द्रतेचा सेन्सर घेऊन दुरुस्तीचं सूत्र बसवलं. सेन्सर बदलला. ॲडॉप्टर बदलला. ५ व्होल्टचं आउटपुट ईएसपी-३२ ला (नोड चालवणारी चिप) झेपेल इतकं खाली आणणारे दोन रेझिस्टर पुन्हा सोल्डर केले. चिपवरच्या एडीसी-२ गटाच्या पिनांचा प्रश्न नव्हता, वायफाय चालू असताना त्या वाचता येत नाहीत हा धडा लॉग ३ मध्येच मिळालाय. काहीही केलं तरी पहाटे पाचला आलेख ताठ उभा.

मग मंगळवारी सगळे दिवस एकाखाली एक लावले, तर ८ आणि ९ तारखेला आलेख सपाट! पार्टनरने मामींना फोन लावला. "आठ-नऊला? आम्ही सगळेच सिन्नरला बारशाला गेलो होतो ना." म्हणजे घरात माणसं असली की वास, नसली की नाही.

शुक्रवारी रात्री आम्ही दोघं चाळीशेजारी खाट टाकून झोपलो. लॅपटॉप उशाशी. ५ वाजून १० मिनिटांनी मामांनी बंब पेटवला. बाभळीच्या काटक्या पावसाने ओल्या, त्यामुळे जाळ कमी आणि धूर जास्त. तो धूर वर गेलाच नाही, जमिनीलगत सरकत चाळीच्या बांबूंमधून आत शिरला. दोन मिनिटांत आकडा १,२००, मग १,६००. पावणेसहाला मामींनी गोठा झाडायला घेतला आणि दुसरा, जरा लहान उंचवटा आला. गोमूत्राचा अमोनिया. अमोनिया आणि धूर, दोन्ही या सेन्सरच्या डेटाशीटवर ठळक लिहिलेत, आम्हाला ते पाठ होतं. चाळीच्या शेजारी काय आहे ते मात्र आम्ही नकाशात काढलंच नव्हतं. त्या खाटेवर बसून इतका आनंद झाला की मामा चहा घेऊन आले तेव्हा आधी त्यांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "मग बंब लांब नेऊ का?" नको मामा. प्रत्येक चाळीशेजारी बंब असणार, गोठाही असणार. नोडनेच शहाणं व्हायला हवं.

उपाय असा ठरवला. धूर दहा मिनिटांत चढतो आणि दोन तासांत ओसरतो. सड दिवसांगणिक चढते. म्हणून फक्त रात्री २ ते ३ मधला सर्वांत कमी आकडा धरायचा आणि तो मागच्या पाच रात्रींशी ताडायचा. जुन्या डेटावर हे चालवलं तर खोटे अलार्म शून्य. आणि कप्पा ३ ची रेघ चार रात्री सलग वर! मामांनी फळीच्या फटीतून हात घातला, बोटं हुंगली, म्हणाले, "खालून पाणी सुटलंय." त्या कोपऱ्यातून अर्धं क्रेट सडका कांदा निघाला. हा आमचा पहिला खरा अलार्म.

काजळी (कांद्यावरची काळी बुरशी) पकडायचं काम मात्र याने होणार नाही. काळ्या बुरशीला असा वास नसतो, तिथे आर्द्रतेचाच लॉग उपयोगी. राजगुरुनगरच्या संशोधन संचालनालयाची शिफारस २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची, आमचा ढिगातला आर्द्रतेचा आकडा सध्या ८४.

आता बॅटरी. एमक्यूचा हीटर जवळपास ८०० मिलिवॅट खातो, २६०० एमएएचचा एक सेल १२ तासांत आडवा. रात्री बाराला हीटर लावून तीनला बंद केला तर चार दिवस निघतील असं लिहिणार होतो, पण डेटाशीट २४ तास तापवायला सांगते. थंड सेन्सर रोज तीच रेघ देईल का, हे तपासावं लागेल.

हे लिहिता लिहिता सुचलं : प्रत्येक कप्प्यात सेन्सर कशाला? भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप ढिगात खोचायचा, बाहेर छोटा पंखा, आणि सगळ्या कप्प्यांतल्या पाइपांची हवा आळीपाळीने एकाच सेन्सरवर ओढायची. मग तो एकच सेन्सर लाइटच्या वायरवर कायम तापलेला ठेवता येईल, लाइट गेली तर सेल. मामांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न "कुठला कोपरा?" हाच आहे. विकत घ्यायचं तर तेवढ्यासाठीच घेईन म्हणाले.

सुट्या भागांबद्दल : ऑनलाइन मागवलेले तीन डीएचटी-२२ (आर्द्रतेचे स्वस्त सेन्सर) शेजारी ठेवले तर १२ टक्क्यांचा फरक. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काउंटरवरच लावून बघू देतात, मी आता तिथूनच घेणार.

लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) ८६५ मेगाहर्ट्झवर चाळीपासून घरापर्यंत एकही पॅकेट गळालं नाही. शनिवारी पाऊण इंची पाइप आणि ड्रिल घेऊन निघतोय. भोकं किती मिलिमीटरची पाडावीत, कुणी केलं असेल तर सांगा, मातीने बुजण्याची भीती वाटते.