तुम्ही विचारलंत म्हणून: चालण्याच्या २६०, मग डायरीत १०४च का?

पुन्हा तेच दोन स्क्रीनशॉट. एकात मनगटावरचं फिटबिट घड्याळ सांगतंय की सकाळच्या तासाभराच्या चालण्यात २६० कॅलरी जळल्या. दुसऱ्यात मायफिटनेसपालच्या, म्हणजे खाणं लिहायच्या अ‍ॅपच्या, डायरीत अ‍ॅडजस्टमेंट १०४. खाली प्रश्न: "बाकीच्या दीडशे कुठे गेल्या?" सूर असा, की जणू कुणीतरी पगार कापलाय.

कुठेही गेल्या नाहीत. अ‍ॅडजस्टमेंट ही चालण्याची मजुरी नव्हेच. डायरीने सकाळी बांधलेला दिवसभराचा अंदाज आणि घड्याळाने मोजलेला दिवस, या दोहोंतला तो फरक आहे. एवढं एक वाक्य पुरावं, पण पुरत नाही असा अनुभव आहे. म्हणून एक अख्खा दिवस मांडते. कागद-पेन घ्या.

बाई ३६ वर्षांच्या, उंची १६० सेंमी, वजन ७० किलो. डायरी मिफलिन–सेंट जिओर सूत्र वापरते: वजनाची दहापट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची पाचपट, आणि बायकांसाठी वजा १६१ (पुरुषांसाठी अधिक ५). ७०० + १००० − १८० − १६१ = १३५९. नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणारी ही ऊर्जा, १३६० धरू. 'सेडेंटरी' (बैठं काम) निवडलं की याला साधारण १.२५ने गुणलं जातं: १७००. आठवड्याला पाव किलो कमी करायचं म्हणून रोजची तूट २७५. खायचं लक्ष्य १४२५.

आता इथे थांबा, कारण सगळा घोळ इथेच आहे. डायरी ते १७०० चोवीस तासांत सारखे वाटून देते, म्हणजे ताशी जवळपास ७१. तुम्ही झोपलात तरी ७१. घड्याळ मात्र झोपेत ताशी ५७च्या आसपासच मोजतं, कारण झोपेत तेवढंच जळतं.

मध्यरात्री १२ ते सकाळी ६: घड्याळाचे ३४०, डायरीच्या हिशेबाने व्हायला हवे होते ४२५. म्हणजे बाई चालायला तळजाई टेकडीच्या पायथ्याशी पोचल्या तेव्हाच खात्यात ८५ची तूट होती, फक्त ती दिसत नव्हती. मग ६ ते ७ चालल्या, २६० जळल्या. पण त्या तासाचे ७१ डायरीने आधीच १७००त धरले होते. २६० वजा ७१ वजा ८५. उरले १०४. सापडल्या तुमच्या दीडशे?

डायरी हेच उलट्या बाजूने करते: सातपर्यंत घड्याळाचे ६००, उरलेल्या सतरा तासांचे तिच्या दराने १२०४, एकूण १८०४. त्यातून १७०० वजा. अ‍ॅडजस्टमेंटच्या ओळीवर टिचकी मारलीत तर ही वजाबाकी तिथेच लिहिलेली दिसते. कुणी मारत नाही, मला स्क्रीनशॉट पाठवतात.

पुढे चला. सात ते संध्याकाळी सहा, ऑफिस, जिने, कँटीन: घड्याळ ८६०. अ‍ॅडजस्टमेंट १८५. सहा ते दहा, स्वयंपाक, ओटा, मुलांचा अभ्यास: ३२०. अ‍ॅडजस्टमेंट २२२. बाई खूश. २२२ बघून थोडे शेंगदाणे खातात आणि दहाला झोपतात. सकाळी कालची डायरी उघडतात तर १९३. एकोणतीस गायब! पुन्हा स्क्रीनशॉट. रात्रीच्या त्या दोन तासांचे डायरीने १४२ धरले होते, झोपेत झाले ११३. लवकर झोपण्याचा दंड नाही हा, अंदाजाच्या जागी मोजमाप आलं इतकंच. शेंगदाण्यांचा हिशेब लावायचाच असेल तर रात्रीच्या आकड्यातून झोपेच्या दर तासाला १४ वजा करून बघा.

"मग मी सेडेंटरी सोडून लाइटली अ‍ॅक्टिव्ह (थोडी हालचाल) लावू का?" लावा. गुणक १.४, अंदाज १९०४. त्याच दिवशी घड्याळाचे एकूण १८९३च, म्हणून अ‍ॅडजस्टमेंट उणे ११. खायचं लक्ष्य १९०४ वजा २७५ वजा ११, म्हणजे १६१८. सेडेंटरीवर? १४२५ अधिक १९३. १६१८. मध्यरात्री दोन्ही एकाच जागी येतात. या सेटिंगवरून माणसं तावातावाने भांडतात तेव्हा मला गंमत वाटते.

अट एकच: डायरीच्या सेटिंगमध्ये निगेटिव्ह अ‍ॅडजस्टमेंट चालू हवी. बंद असेल तर उणे ११ शून्य दिसतं, आणि ताप येऊन पडून राहिलात त्या दिवशी घड्याळाचे १६०० झाले तरी सेडेंटरीवरची डायरी १४२५च खा म्हणते. तुमची तूट २७५ची १७५ झालेली असते आणि कुठेही दिसत नाही. चालू ठेवा. सकाळी उठल्याउठल्या उणे आकडा दिसेल. ती रात्रीची झोप आहे, घाबरू नका.

आता खरे बिघाड, कारण सगळंच काही गणित नसतं.

चालून आल्यावर तेच चालणं डायरीत हातानेही लिहिता ना? लिहिलं तर सुरुवातीची वेळ आणि मिनिटं बरोबर टाका. डायरी ती नोंद फिटबिटकडे पाठवते आणि त्या वेळेतलं घड्याळाचं मोजमाप पुसून तुमचा आकडा बसतो. नऊ वाजता आठवलं आणि वेळ आठची राहिली, तर सहाचं चालणं तसंच राहतं आणि आठला दुसरं चालणं उभं राहतं. माझं मत: चालणं-धावणं लिहूच नका, घड्याळ बघून घेईल. पोहताना काढून ठेवलं असेल तर लिहा.

फोन आणि घड्याळ दोघांनाही पावलं पाठवू देऊ नका. पावलांचा स्रोत एकच निवडा. दोन्ही अ‍ॅपमध्ये वजन, उंची, जन्मतारीख एकच आहे का बघा. वजन डायरीत ७० आणि फिटबिटमध्ये लग्नाच्या वेळचं ५८ असेल तर फरक रोज पडणार, आणि तो व्यायामाचा नसेल. स्कूटरवरून खड्ड्यांतून गेलात की पावलं वाढतात, दोन्ही हातांत पिशव्या असल्या की कमी होतात. यावर उपाय नाही.

परदेशी पोचलेल्यांसाठी: पुण्याहून न्यू जर्सीला गेलात, फोनने वेळ बदलली, फिटबिटचा टाइम झोन भारतातच राहिला. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा. भारतातल्या रात्री दहाचे १७८० डायरीला दुपारी साडेबाराचे वाटतात, ती पुढचे साडेअकरा तास जोडते आणि अ‍ॅडजस्टमेंट ८९५ दाखवते. खाऊ नका ते. दोन्हीकडचा टाइम झोन जुळवा, सिंक करा, आणि प्रवासाचा दिवस सोडून द्या.

राहिला शेवटचा प्रश्न, ज्यावर माझं माझ्याशीच पटत नाही: या कॅलरी परत खायच्या का? मनगटावरच्या यंत्रांचे हृदयाचे ठोके बरे असतात, कॅलरी नाहीत. स्टॅनफर्डच्या २०१७च्या अभ्यासात सात यंत्रं तपासली, त्यातलं कॅलरीत सर्वांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं. शिवाय फोडणीचं तेल कोण मोजतं? एक चहाचा चमचा, ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. म्हणून मी सगळ्यांना "अर्ध्या खा" सांगत आले. सेडेंटरीवर १९३चे अर्धे ९७, ठीक. पण लाइटली अ‍ॅक्टिव्हवर उणे ११चं अर्धं काय खाणार? माणूस तोच, दिवस तोच, आणि सल्ला सेटिंगवर हलतो. म्हणजे तो नियम नव्हे, ठोकताळा.

तरी नव्याने सुरू करणाऱ्याला मी सेडेंटरी आणि अर्ध्याच सांगते. चार आठवडे. रोज सकाळी वजन, आठवड्याची सरासरी. पाळी येत असेल तर चक्राच्या त्याच आठवड्याशी तुलना. पाव किलोऐवजी आठवड्याला १०० ग्रॅमच उतरलं, तर राहिलेल्या १५० ग्रॅमचे किलोमागे ७७०० धरून दिवसाला १६५ होतात. तेवढे कुठेतरी जास्त मोजले जातायत. घड्याळात की ताटात, हे मला विचारू नका. आधी तेलाची बाटली वजनकाट्यावर ठेवून बघा, स्वयंपाकाआधी आणि नंतर.