लुईस बेटावरील काळे घर

स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या लुईस बेटावर, आर्नोल गावात, एकोणिसाव्या शतकात बांधलेले आणि १९६० च्या दशकापर्यंत नांदते राहिलेले एक ‘काळे घर’, म्हणजे पेंढ्याने शाकारलेले पारंपरिक दगडी घर, संग्रहालय म्हणून जपले आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बाहेरून आलेल्या अनेकांनी अशा घरांची गलिच्छ म्हणून हेटाळणी केली. मला मात्र त्यांच्या रचनेत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण दिसते.

चुन्याशिवाय रचलेल्या दोन दगडी भिंती, मधल्या पोकळीत माती आणि छपराचा भार आतल्या भिंतीवर, ही अटलांटिकच्या वादळांपुढे टिकाव धरण्याची रीत होती. माणसे आणि गुरे एकाच दाराने आत येत. गोठा उताराच्या अंगाला असल्यामुळे घाण खाली वाहून जाई आणि जनावरांची ऊब मात्र घराला मिळे. धुराडे नव्हते. घराच्या मधोमध पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या ढेकळांचा, विस्तव असे. रात्री तो राखेखाली झाकायचा आणि सकाळी फुंकून पुन्हा फुलवायचा. धूर छपरातून झिरपत बाहेर पडे, आणि काजळीने माखलेला तो पेंढा उतरवून शेतात खत म्हणून घातला जाई, मग छप्पर नव्याने शाकारले जाई.

या संसाराचा भार स्त्रियांच्या पाठीवर होता, आणि हे अगदी शब्दशः खरे आहे: पीटने भरलेली टोपली पाठीवर घेऊन त्या चालता चालता मोजे विणत. उन्हाळ्यात स्त्रिया आणि मुली गुरांसह दूरच्या माळावरील झोपड्यांत राहत व तेथेच लोणी आणि चीज करत. जेवणात प्रामुख्याने बटाटे, हेरिंग मासे, ओट किंवा बार्लीचे पीठ आणि दूध असे, त्यामुळे १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा घरोघरी उपासमार ओढवली.

घराखालची जमीन मात्र घरच्यांची नव्हती. १८४४ मध्ये अख्खे बेट जेम्स मॅथेसन यांनी विकत घेतले होते. त्यांची संपत्ती चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापारातून आली होती, आणि त्यांच्या पेढीसाठी मुंबईहून माळव्याची अफू पाठवणाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख होते. मुंबईच्या बंदराचा आणि त्या दूरच्या बेटाचा असा संबंध आहे, हे मला फार अस्वस्थ करते. दुष्काळात मॅथेसन यांनी धान्य पुरवले, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत, १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, दोन हजारांहून अधिक बेटवासी कॅनडाला रवाना झाले, आणि त्या सर्वांनी ते खुशीने केले असे मानण्यास मी तयार नाही.

कुळाला जमिनीवरून उठवता येत असताना आणि केलेल्या सुधारणेची भरपाई मिळण्याची खात्री नसताना, पक्क्या घरावर कोण खर्च करणार? हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात आणि बेटांवर, आंदोलने पेटल्यावर १८८३ मध्ये कुळांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेपियर आयोग नेमला गेला आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना वहिवाटीची शाश्वती, रास्त खंड ठरवून घेण्याची सोय, वारसाहक्क आणि सुधारणांची भरपाई मिळाली. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा ज्यांच्या घरात बोलला गेला आहे, त्यांना या मागण्या ओळखीच्या वाटतील. १८८६ च्या कायद्यानंतर लुईसवर धुराडी आणि मोठ्या खिडक्या असलेली ‘पांढरी घरे’ हळूहळू वाढत गेली आणि गुरांचा गोठा वेगळा झाला.