वजन बरोबर, जागा चुकीची

उलव्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून नवी मुंबई विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. आमच्याच सोसायटीतील एक तरुण तेथे नुकताच माल हाताळण्याच्या कामाला लागला आहे. मी वीस वर्षे सहारला मालवाहू विमानांच्या लोडशीट, म्हणजे विमानातील वजन आणि त्याची वाटणी दाखवणारे कागद, तयार करीत असे, हे ठाऊक असल्याने त्याने परवा विचारले, "काका, एकूण वजन कागदाशी जुळलं म्हणजे झालं ना?"

त्याला मी कावडीचे उदाहरण दिले. दोन्ही घागरींत पाणी तेवढेच असले, तरी दांडी खांद्यावर वीतभर पुढेमागे सरकली की कावड कलंडते. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे त्याचे सारे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते तो, मर्यादेच्या पुढे गेला, तर धावपट्टीवर नाक उचलणे जड जाते. मात्र तो फार मागे गेला, तर चाके जमीन सोडताच नाक आपोआप वर चढू लागते आणि वैमानिकाने सारा जोर लावूनही ते खाली येईलच असे नाही. ही दुसरी चूक मला अधिक भयंकर वाटते, कारण ती बहुधा कळते तेव्हा विमान हवेत असते आणि सावरायला उंचीही नसते.

७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून निघालेल्या फाइन एअरच्या डीसी-८ विमानात डेनिमचे कापड भरलेले होते. भार वैमानिकांच्या समजुतीपेक्षा मागे होता आणि शेपटीवरील आडव्या पंखाचा ट्रिम, म्हणजे नाकाचा तोल राखण्यासाठी आधी लावायचा कोन, त्या चुकीच्या समजुतीवरच लावलेला होता. नाक वर गेले, वेग तुटला, विमान कोसळले. विमानातील चौघे आणि जमिनीवरील एक जण असे पाच जण गेले.

माल नीट भरलेला असतानाही एक आकडा घात करू शकतो. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४० विमानाचे वजन ३६२.९ टन असताना संगणकात २६२.९ टन भरले गेले. शंभर टनांची ही तफावत त्यानंतरच्या तपासण्यांतही कोणाच्या ध्यानी आली नाही. परिणामी उड्डाणाचा वेग आणि इंजिनांचा जोर दोन्ही कमी निघाले, शेपटी धावपट्टीवर घासली आणि विमान कसेबसे उचलले. सुदैवाने सगळे वाचले.

यानंतर मी त्याला माझी स्वतःची एक रात्र सांगितली, जी मी सहसा कोणाला सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. पुढच्या भागात ठेवायचे एक जड पॅलेट, म्हणजे माल रचून बांधलेला सपाट तळ, गोदामातून उशिरा आले, म्हणून भरणाऱ्यांनी तेथे हलके पॅलेट चढवले आणि जड पॅलेट मागच्या जागेवर नेले. एकूण वजन किलोभरानेही बदलले नाही. माझ्या कागदावर मात्र दोन्ही पॅलेट जुन्याच जागी राहिले. दार लावण्यापूर्वी पर्यवेक्षक टॉर्च घेऊन आत शिरला आणि प्रत्येक पॅलेटवरचा क्रमांक मोठ्याने वाचू लागला. मागच्या जागेपाशी तो थांबला आणि त्याने मला हाक मारली. नव्याने हिशेब केला तेव्हा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेबाहेर गेलेला निघाला. पॅलेट पुन्हा मूळ जागी हलवावे लागले आणि उड्डाणाला पाऊण तास उशीर झाला.

वैमानिकाकडे जाणाऱ्या जुन्या लोडशीटवर माझी सही तोवर झालेली होती.